टायफूनच्या दिवशी अप्पांची आंघोळ

आम्हा म्हैसूरकरांना वारा माहीत नाही. हवा माहीत आहे, आणि तिचा अभिमान तर इतका, की जणू ती आम्हीच घरोघरी तयार करतो. भर उन्हाळ्यातही आमचा पंखा दोनच्या पुढे जात नाही. दोरीवरचा टॉवेल उडून शेजारच्या अंगणात पडला, तर ‘आज फार गाळी’ यावर संध्याकाळभर चर्चा चालते. गाळी म्हणजे कन्नडातला वारा. म्हणून ओकिनावात, म्हणजे जपानच्या ज्या बेटावर मी नोकरीसाठी राहते तिथे, मोठा टायफून येतोय असं मी अप्पांना सांगितलं, तेव्हा माझ्या या वडिलांनी चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे विचारलं, ‘‘गाळीच की नाही?’’

अप्पा तीन महिन्यांसाठी आले होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, म्हैसूरला बोगादीच्या घरात ते एकटेच राहत होते, आणि आता त्यांनी कायमचं माझ्याकडेच राहावं असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. पण कपाटातला त्यांचा कप्पा, गुडघ्याच्या डॉक्टरची चौकशी आणि सहा महिने पुरतील एवढे पोहे बघून त्यांना ते कळलं असणार. त्यांनीही विषय काढला नाही. आमच्या घरात महत्त्वाचं बोलायचं असलं की सगळे पोह्यांबद्दल बोलतात.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत होते. कोणत्या लढाईत होते, ते घरात कुणालाच सांगता येत नाही, पण पुरावा म्हणून एक तलवार आहे. तिनं नारळाची झावळीसुद्धा कापली जात नाही. अप्पा स्वतः मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात तीस वर्षं पंप आणि पाइप दुरुस्त करत होते, आणि समोरून टांगा आला तर घोड्याला घाबरून रस्ता ओलांडतात. तरी ‘आम्ही फौजेतली माणसं’ हे वाक्य महिन्यातून एकदा यायचंच. टायफूनच्या बातमीवर ते दोनदा आलं.

माझ्याकडे आल्यापासून मात्र फौजेतल्या माणसाची गाठ नियमांशी पडली होती. कचरा चार प्रकारांत वेगळा करायचा. कमोडच्या बटणांना हात लावायचा नाही. एक बटण त्यांनी पहिल्या दिवशी दाबून पाहिलं होतं आणि नंतर तासभर ते त्या बाजूला फिरकले नव्हते. गॅस आधी दाबायचा, मग फिरवायचा. टब वापरला तर लगेच बूच काढून पाणी सोडायचं आणि फडक्यानं कोरडा पुसायचा, नाहीतर बुरशी धरते. मी एकेक नियम दोन-दोनदा सांगायची, कानडी आणि मराठी दोन्हींत, म्हणजे पळवाट राहू नये.

आंघोळीवरून तर रोजच कुरबुर होती. शॉवर त्यांना पटत नव्हता. कुणीतरी वरून तीर्थ शिंपडल्यासारखं वाटतं, म्हणायचे. टबात बसणं त्याहून वाईट, कारण माणूस स्वतःच्याच मळात कशाला बसेल. आंघोळीला समोर काठोकाठ भरलेलं भांडं हवं आणि हातात तांब्या हवा. बोगादीला मागच्या बाजूला तांब्याचा हंडा आहे, त्याखाली करवंट्या पेटवून ते पहाटे पाचला आंघोळ करतात. त्यांची समजूत काढायला मी एक बादली आणून दिली होती. ती फरशी पुसायची होती, हे त्यांनी ओळखलं.

टायफूनच्या आदल्या दिवशी आकाश इतकं निळं होतं की अप्पा गॅलरीत बसून मला हसत होते. खाली लोक सायकली आडव्या करून बांधत होते. समोरच्या दारात राहणाऱ्या आजी, वय पंचाहत्तरच्या पुढे आणि एकट्याच, त्यांनी आपल्या सगळ्या कुंड्या आत ओढून नेल्या. या आजींची आणि अप्पांची कारल्यावरून मैत्री झाली होती. त्या आपल्या कुंड्यांतली कारली द्यायच्या, अप्पा गूळ-चिंच घालून त्यांचं गोज्जू, म्हणजे दाट रस्सा, करून वाटी परत पाठवायचे. त्या जपानीत बोलायच्या, हे आमच्या कानडीमिश्रित मराठीत, आणि दोघांचं कधी अडलं नाही. माझं आणि अप्पांचं एकाच भाषेत अडायचं.

संध्याकाळी मी खिडक्यांच्या खाचांत जुने टॉवेल कोंबले, पिण्याच्या बाटल्या रांगेत लावल्या आणि टब काठोकाठ भरून ठेवला. वीज गेली की आमच्या इमारतीचा पंप बंद पडतो आणि चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही. मग संडासाला, भांड्यांना, सगळ्याला त्या टबातलंच पाणी. हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून ते अप्पांना सांगायचं माझ्या लक्षातच आलं नाही. एवढे नियम सांगितले आणि नेमका हाच राहिला.

पहाटे वीज गेली. पाचला अप्पा उठले, मी त्यांच्या उशाशी ठेवलेला टॉर्च घेतला आणि रोजच्यासारखे आंघोळीला गेले. बाहेर वारा भिंतीला धडका देत होता. मला रात्रभर डोळा लागला नव्हता आणि त्यांना त्याचं काहीच नव्हतं. सहाला मी उठले, तेव्हा ते धुतलेला पंचा नेसून, कपाळाला गंध लावून खुर्चीत बसले होते. महिनाभरात इतकं खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं.

‘‘पाणी जरा गार होतं,’’ ते म्हणाले, ‘‘पण परवाइल्ला.’’ परवाइल्ला म्हणजे असू दे, चालतंय.

मी न्हाणीघरात गेले. टब रिकामा होता. नुसता रिकामा नव्हता, बूच काढून, पाणी सोडून, फडक्यानं कोपरे कोरडे करून लख्ख पुसलेला होता. माझ्या सगळ्या नियमांपैकी एक तरी नियम अप्पांनी तंतोतंत पाळला होता. नळ सोडला तर त्यातून हवेचा एक सुस्कारा आला आणि बंद झाला.

आता सांगताना हसू येतं. तेव्हा आलं नाही. बाहेर आले आणि जे तोंडात आलं ते बोलले. ‘‘अप्पा, विचारल्याशिवाय कशाला हात लावत जाऊ नका. तुम्ही इथे काही केलं नाहीत ना, तर तीच मला मोठी मदत होईल.’’

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग कपाळावरचं गंध, ते ओलं होतं की काय कोण जाणे, बोटानं चाचपलं. ‘‘आय्तु,’’ एवढंच म्हणाले. म्हणजे बरं, झालं. त्यांचं आय्तु मी लहानपणापासून ऐकते आहे. ते रागाचं असलं तर मोठ्यानं येतं. हे हळू आलं. थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, तिकीट आधीच्या तारखेचं करून मिळतं का. मी म्हटलं, वादळ जाऊ दे, बघू. माफी मागायला जीभ वळली नाही. आमच्या फौजेतल्या घराण्यात माफी मागायची पद्धत नाही, बहुतेक म्हणूनच लढाया होत असाव्यात.

सकाळभर वारा वाढत गेला. खिडकीच्या काचा आत-बाहेर होत होत्या, खाचांतले टॉवेल भिजून पाणी आत ओघळत होतं आणि मी ते पिळत होते. अप्पा खुर्चीवरून हलले नाहीत. मी सांगितल्याप्रमाणे त्यांनी कशालाही हात लावला नाही. पाण्याचा पेलासुद्धा मी देईपर्यंत घेतला नाही. कधीतरी टॉवेल पिळता पिळता भिंतीला टेकून माझा डोळा लागला.

जाग आली ती शांततेनं. वारा थांबला होता. पडद्यातून चक्क ऊन आत आलं होतं आणि कुठेतरी एक पक्षी ओरडत होता. हे काय आहे ते मला ठाऊक होतं. टायफूनचा डोळा आमच्यावर आला होता. अर्धा-पाऊण तास असं कोवळं ऊन पडतं, आणि मग वारा उलट्या बाजूनं पहिल्यापेक्षा जोरात येतो. तेवढ्यात बाहेर पडलेलीच माणसं त्यात सापडतात.

खुर्ची रिकामी होती. दाराजवळ अप्पांच्या चपला नव्हत्या.

अप्पा म्हैसूरला रोज सकाळी तळ्याभोवती फिरायला जातात. पाऊस थांबला की छत्री बगलेत मारून निघालेच. ऊन पडलं, वारा थांबला, गाळी संपली, निघाला असेल म्हातारा, असं माझ्या मनात आलं. चार जिने मी कशी उतरले आठवत नाही. रस्त्यावर फांद्या, पत्रे, कुणाचं तरी गॅलरीतलं दार पडलेलं. गावातल्या भोंग्यावरून बाईचा आवाज पुन्हा पुन्हा सांगत होता, घराबाहेर पडू नका. मी समुद्राच्या बाजूला धावले, मग उलट धावले. त्या रिकाम्या रस्त्यावर मी ‘अप्पा’ म्हणून हाका मारत होते. आई गेली तेव्हाही मी अशी रडले नव्हते.

हाकेला ओ इमारतीच्या मागून आली. ‘‘ओरडू नकोस गे, इथंच आहे.’’

पंपाच्या खोलीच्या मागे, जिथे मी चार वर्षांत कधी गेले नव्हते, तिथे भिंतीलगत एक बुटका नळ होता. त्यातून धो धो पाणी येत होतं. नळाखाली माझी फरशी पुसायची बादली, शेजारी माझा कुकर आणि भाताचं पातेलं. समोरच्या आजी रेनकोट घालून, डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवून, हातात किटली धरून उभ्या होत्या. अप्पांना जाताना त्यांनी दारातून पाहिलं होतं. वादळ परत येणार हे शब्दांत सांगता येईना, म्हणून त्या त्यांची बाही ओढून घरी न्यायला खाली आल्या होत्या. अप्पांना वाटलं, आजींनाही पाणी हवंय. त्यांनी आजींना वर पिटाळून किटली आणवली आणि ती आधी भरून दिली.

‘‘पंप मेला म्हणून नळ मरत नाही,’’ अप्पा म्हणाले. ‘‘मेनलाइनचा एक नळ खाली असतोच. मेटगळ्ळीला काय केलं मी तीस वर्षं?’’

मी त्यांना ओरडले नाही. आकाशाच्या एका कडेला काळी भिंत दिसायला लागली होती. बादली मी घेतली, कुकर त्यांनी, पातेलं आजींनी, आणि आम्ही जिने चढलो. अप्पांची ही तिसरी खेप होती, हे मला वर गेल्यावर टबात दिसलं. आधीच्या दोन खेपा त्यांनी दुखऱ्या गुडघ्यांनी, मी झोपलेली असताना, दार न वाजवता केल्या होत्या. आणखी एकदा जातो म्हणाले तेव्हा मी दार लावून त्याला पाठ टेकून उभी राहिले. पाच-दहा मिनिटांत वारा आला, या वेळी समुद्राच्या बाजूनं. समोर आजींच्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला, तेव्हा अप्पा खुर्चीत बसले.

टबात वीतभर पाणी झालं होतं. ‘‘आता मी हात लावत नाही बघ,’’ ते म्हणाले, आणि खरंच दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. मला हसू आलं. मग दोघं दहीभात खात असताना, वाऱ्याच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असं ते म्हणाले, ‘‘मला वाटलं, माझ्यासाठीच भरून ठेवलंयस. महिनाभर सांगत होतो ना, भरलेलं भांडं पाहिजे म्हणून.’’

तेव्हाही मला माफी मागता आली नाही. मी त्यांना लोणचं वाढलं.

तिकीट त्यांनी बदललं नाही, आधीचंही केलं नाही आणि पुढचंही नाही. तीन महिने पुरे करून ते बोगादीला परतले. तुझं घर चांगलं आहे, म्हणाले, पण सारखं विचारून राहता येत नाही. उरलेले पोहे आजींना दिले. त्यांनी त्याचं काय केलं देव जाणे.

गेल्या डिसेंबरात मी म्हैसूरला गेले. रात्रभर विमानात अवघडून सकाळी बोगादीला पोचले. मागच्या न्हाणीत हंडा काठोकाठ भरलेला आणि खाली करवंट्यांचा विस्तव. वाफ येत होती. मी मनसोक्त आंघोळ केली, दोनदा डोकं धुतलं, हंड्याचा तळ दिसला तेव्हा थांबले. बाहेर आले तर अप्पा हातात देवाचा तांब्या घेऊन उभे. पलीकडे वायरमन विजेच्या खांबावर चढलेला दिसला, आणि मग माझ्या लक्षात आलं. वीज नव्हती, मोटर बंद होती, गच्चीवरची टाकी रिकामी होती. देवाचं, चहाचं, स्वयंपाकाचं, दिवसभराचं म्हणून घरात भरून ठेवलेलं पाणी तेवढंच होतं.

अप्पांनी रिकाम्या हंड्यात डोकावून पाहिलं. मी ओल्या केसांनी उभी राहिले आणि वाट पाहिली. माझंच वाक्य, शब्दन् शब्द, त्यांना पाठ असणार.

त्यांनी तांब्या खाली ठेवला, अंगणातल्या, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीवरचं झाकण सरकवलं आणि दोरीला बादली बांधायला घेतली.

‘‘गरम होतं ना नीट?’’ त्यांनी विचारलं.