सांधा न दिसणारी भिंत

रोज सकाळी चूळ भरायच्या आधी मायाक्का आमच्या मागच्या भिंतीवरून हात फिरवायच्या. डोळे मिटून, नळापासून न्हाणीच्या दारापर्यंत, उजव्या हाताची बोटं भिंतीला जेमतेम टेकवत. भिंत साधी सिमेंटची, जागोजाग पोपडे आलेली. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "बोटं उठली का बघते. मानूस उठतं, पर बोटं कवाकवा झोपूनच ऱ्हात्यात."

पोती वाहून आणि सिमेंट कालवून त्यांच्या हाताची कातडी जाड झाली होती. एक दिवस भिंतीवरून हात जाईल आणि बोटांना काही कळणारच नाही, याची त्यांना भीती होती. दुसरी कसली भीती त्यांच्या बोलण्यात कधी आली नाही.

आमच्या मागच्या खोलीत त्या सहा वर्षं राहिल्या. त्यांचं गाव सांगोल्याकडच्या माळावर. नवरा, सिद्धाप्पा, मेंढरं राखायचे आणि पावसाळ्यात घरी मागावर घोंगडी विणायचे. विणण्याआधी लोकरीचा ताणा अंगणात लांबवर ताणून त्याला चिंचोक्याची खळ द्यावी लागते. त्याशिवाय धागा ताठ होत नाही. ते काम मायाक्कांचं. चिंचोके भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे आणि ती खळ कुंच्यानं पातळ पातळ लावत जायची, एकदा, मग पुन्हा एकदा. कुठे गुठळी राहिली की मागावर धागा तुटायचा आणि सिद्धाप्पांची शिवी ऐकू यायची. "शिवी बी ग्वाड असायची मालकांची," त्या सांगायच्या. मालक गेले, मेंढरं दिराकडे गेली, मागाच्या खड्ड्यात कोंबड्या बसू लागल्या. मग एक पत्र्याची पेटी आणि नवऱ्यानं विणलेलं शेवटचं घोंगडं घेऊन त्या सोलापूरला आल्या.

इथे त्यांना संगप्पांकडे काम मिळालं. संगप्पा अक्कलकोटकडचे, आतल्या कामाचे ठेकेदार. हल्ली दुकानांत, दवाखान्यांत विटांऐवजी जिप्समचे बोर्ड लावून खोल्या पाडतात, तेच त्यांचं काम. बोर्ड उभे केले की दोन बोर्डांमध्ये सांधा राहतो. त्यावर कागदी टेप चिकटवायची, टेपवर कंपाउंड नावाचा पांढरा लगदा रुंद पोलादी पट्टीनं ओढायचा, वाळला की पुन्हा ओढायचा, मग घासायचं. काम चांगलं झालं तर भिंत अखंड दिसते. करणाऱ्याची मेहनतही मग कुणाला दिसत नाही. मायाक्का तिथे बिगारी होत्या. बोर्ड वर चढवायचे, बादल्या वाहायच्या, कंपाउंड कालवायचं. त्यांनी कालवलेल्यात गुठळी नसे, म्हणून सांध्यांचे मिस्त्री जोतिराम दुसऱ्या कुणाला कालवू देत नसत. पण पट्टी मात्र त्यांनी मायाक्कांच्या हाती कधी दिली नाही.

साइटवर एक रीत होती. अकरा वाजता सुंदरम्मा चहाची किटली घेऊन यायच्या. पहिला ग्लास मिस्त्रीचा. मिस्त्री घोट घेणार, मग बाकीचे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मायाक्कांनाही वाटत नसे, पण चहाचा विषय निघाला की त्या पहिल्या ग्लासाबद्दल बोलायच्या. चहा कसा होता, हे सांगायला विसरायच्या.

एकदा त्यांना संधी मिळाली होती. चपलांच्या दुकानाचं काम होतं, जोतिराम भाचीच्या लग्नाला गेले होते, दिवस एप्रिलचे. संगप्पा म्हणाले, "मागची भिंत तू कर बघू. माल ठेवल्यावर कुणाला दिसणार नाही." मायाक्कांनी टेप लावली, पट्टी ओढली, सांधे सरळ भरले. मग आयुष्यभराच्या सवयीनं त्यांनी शटर पूर्ण वर केलं, मागचं दार उघडलं आणि ऊन-वारा आत घेतला. खळ दिली की ऊन दाखवायचं, हेच त्यांना माहीत. दुसऱ्या दिवशी प्रत्येक सांध्यावर केसासारखी चीर होती. सोलापूरच्या एप्रिलच्या वाऱ्यानं कंपाउंड वरून तडकन वाळलं होतं आणि आतून ओलंच राहिलं होतं.

जोतिराम लग्नाहून आले, भिंत बघितली आणि हसत सुटले. "आक्का, हे काय घोंगडं हाय व्हय, उनात वाळवाय?"

पुढचं वर्षभर साइटवर तेच. कुणी ओला फडका बाहेर टाकला तरी म्हणायचे, मायाक्काचं घोंगडं वाळतंय.  मायाक्का दुपारच्या सुट्टीत उरल्यासुरल्या बोर्डाच्या तुकड्यांवर कंपाउंड ओढून बघू लागल्या, एक तुकडा उन्हात, एक सावलीत, एक जिन्याखाली. पट्टी त्यांनी स्वतःची घेतली होती. ती पेटीत घोंगड्याच्या घडीत असायची.

मग शहराच्या जुळे सोलापूर भागात डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आलं. मे महिना. एक लांब बोळ, त्याच्या एका बाजूला सलग भिंत आणि भिंतीच्या माथ्यावर, छताच्या कडेला दडवलेली दिव्यांची पट्टी. जोतिरामनं सांधे भरले, घासले. दिवसाउजेडी भिंत चांगली दिसली. पण संध्याकाळी डॉक्टरांनी वरचे दिवे लावले, तसा उजेड भिंतीला घासून खाली आला आणि एकेक सांधा सावली धरून उभा राहिला.

"दुष्काळातल्या मेंढीच्या बरगड्या दिसाव्यात तशी दिसली," मायाक्का मला म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान हलवली. "लोक माझ्याकडे डोळे दाखवायला येणार आहेत. त्यांना बाहेर ही भिंत दाखवू?" उद्घाटन आठ दिवसांवर होतं. एवढं बोलून ते निघून गेले.

जोतिराम म्हणाले, "भिंतीत काय न्हाय. लाइट वाईट हाय. लाइट काढा."

"लाइट काढा म्हणे! तुझी मिस्त्रीगिरी काढतो आधी," संगप्पा कडाडले. मग डोकं धरून बादलीवर बसले. दुसरा मिस्त्री शोधावा तर लग्नसराईत सगळे गावी गेलेले.

मायाक्का झाडू मारत होत्या. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "अण्णा, मी करू का?"

"घोंगडं!" जोतिराम म्हणाले.

"व्हय, घोंगडंच. तुमचा सांदा चार बोटं रुंद हाय आन् वर फुगलाय. बोर्डाची कड हाय तितं उंचवटा ऱ्हानारच की. त्यो घासून जात न्हाय. त्येला लांबवर पसरावं लागतंय."

"म्हणजे?" संगप्पांनी विचारलं.

"माळ चढताना चढ कळतो का, अण्णा? मेंढरं चरत चरत वर जात्यात. वर गेल्यावर मागं बघितलं की कळतंय. तसं करायचं. पयला हात वीतभर रुंद, दुसरा दोन वीत, तिसरा हातभर. कडंला पार पातळ."

संगप्पा बादलीवरून उठले. "चीर गेली तर?"

"तर परत पोती वाहीन. कवा पट्टी मागनार न्हाय."

हे सगळ्यांसमोर बोललं गेलं. त्यामुळे ते परत घेता येण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. पेटीतून पट्टी काढून चिंचेनं घासत बसल्या. आईनं भाकरी दिली ती तशीच झाकून ठेवली.

सकाळी भिंतीवरून हात फिरवला तो नेहमीपेक्षा सावकाश. मग घोंगडं काखेत मारून त्या निघाल्या. आई म्हणाली, "एवढ्या उन्हाळ्यात घोंगडं कशाला हो?" त्या म्हणाल्या, "वाऱ्याला पांघरायला."

त्या बोळाच्या टोकाला खिडकीची मोठी चौकट होती, काच अजून बसली नव्हती. दुपारचा वारा तिथूनच सरळ भिंतीवर यायचा. मायाक्कांनी त्या चौकटीत घोंगडं ताणून खिळ्यांनी ठोकलं. जाड, काळं, सिद्धाप्पांच्या हातचं. बोळ अंधारला. उकाडा होता, पण झळ आत येईनाशी झाली. मग त्यांनी जुने फुगीर सांधे खरवडले, नवी टेप बसवली आणि पहिला हात ओढला. दुसऱ्या दिवशी दुसरा. ओढायच्या आधी प्रत्येक सांध्याला गाल लावायच्या. गार लागला तर आत ओल आहे, थांबायचं. जोतिराम दारातून बघायचे. "भिंतीचा मुका घेती ही," म्हणायचे. पण बघायला यायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाल गारच लागत होता. वेळ कमी उरला होता. संगप्पा रंगाऱ्याला फोनवर वेळा देत होते आणि त्याच तोंडानं कुणाला तरी सांगून त्यांनी मोठा उभा पंखा आणवला. "तासात वाळेल. साकु, बास झालं, लई थांबलो."

"पंखा लावू नगा, अण्णा."

"मायाक्का, डॉक्टर माझं नाव घालवील."

"पंखा लावला तर चीर जानार. मागच्या बारीला मी वारा घेतला, चीर गेली. ती चूक माजी हुती. आता तुमी करताय."

संगप्पांनी पंख्याची पिन हातात घेतली. मायाक्कांनी भिंतीतल्या सॉकेटवर पंजा ठेवला आणि तिथेच उभ्या राहिल्या. कंपाउंडनं पांढरा झालेला हात. जोतिराम हसले, मग हसायचे थांबले.  सुंदरम्मा किटली घेऊन दारात आल्या होत्या. त्या नंतर आम्हाला सांगायच्या, "मी म्हणलं, आता अम्माला हाकलतोय हा माणूस."

संगप्पा जोतिरामकडे वळले. "तू सांग. तू मिस्त्री आहेस."

जोतिरामनं पुढे जाऊन सांध्याला आधी बोटं लावली. मग इकडेतिकडे बघून गाल लावला. "वल्ला हाय," ते म्हणाले. "उद्यापातूर थांबाय पायजे."

पंख्याची वायर गुंडाळली गेली. तिसरा हात चौथ्या दिवशी पडला, घासणं पाचव्या. घासायला जोतिराम स्वतः दुसऱ्या टोकाकडून लागले. कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी धूळ पुसून वरचे दिवे लावले. उजेड भिंतीवरून खाली आला आणि त्याला अडायला कुठेच काही सापडलं नाही. संगप्पा बोळभर एकदा चालले, परत आले, पुन्हा चालले. एका जागी नखानं टोकरलं. मग रंगाऱ्याला फोन लावला. "उद्या ये."

बस, एवढंच.

सहाव्या दिवशी अकराला सुंदरम्मा आल्या. पहिला ग्लास भरून रोजच्यासारखा त्यांनी जोतिरामपुढे धरला. जोतिराम पट्टी पुसत होते. ग्लास न घेता त्यांनी हनुवटीनं खिडकीकडे दाखवलं. तिथे मायाक्का स्टुलावर चढून घोंगड्याचे खिळे काढत होत्या.

"तिकडं दे. मिस्त्री तितं हाय."

सुंदरम्मा ग्लास घेऊन गेल्या. मायाक्का खाली उतरल्या, ग्लास दोन्ही हातांत धरला आणि घोट घेऊन म्हणाल्या, "सुंदरम्मा, आलं कमी पडलंय की." त्या संध्याकाळी घरी आल्यावर चहा कसा होता हे त्यांनी आईला आणि मला दोनदा सांगितलं.

त्यानंतर त्यांना दीड वर्ष मिळालं. संगप्पा लांबच्या कामांवर त्यांना मिस्त्री म्हणून पाठवू लागले, श्रीपूरला, अक्कलकोटला. कधी त्या आणि जोतिराम एकाच भिंतीच्या दोन टोकांना असत आणि एकमेकांच्या सांध्यांना नावं ठेवत. सकाळची रीत मात्र बदलली नाही. चूळ भरायच्या आधी भिंत, डोळे मिटून.

गेल्या ऑक्टोबरात नातेपुत्याला एका पतसंस्थेचं काम आलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा हात आमच्या मागच्या भिंतीवर, नळाच्या वर, एका जागी थांबला. पावसाळ्यात तिथे नवी भेग पडली होती. आम्हाला ती दिसलीही नव्हती. त्या दिवशी त्यांनी भेग खरवडून बाहेरच्या भिंतीची पुट्टी भरली, आणि निघायच्या सकाळी तिच्यावर पहिला हात ओढला, वीतभर रुंद.

नातेपुत्यात तिसऱ्या दिवशी दुपारची भाकरी खाऊन त्या भिंतीला पाठ लावून बसल्या आणि तशाच गेल्या. जोतिराम शेजारीच होते. डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं. पेटी न्यायला दीर आले, तेव्हा पट्टी घोंगड्यात नव्हती. ती जोतिरामकडे होती आणि कुणी मागितली नाही.

आमच्या भिंतीवर दुसरा हात पडला नाही. आईनं रंगाऱ्याला तेवढा तुकडा सोडायला सांगितलं. बोट फिरवलं की कडा अजून लागते.

नातेपुत्याला निघायच्या त्या सकाळी रिक्षा दारात उभी होती. खांद्याला पिशवी, हातात डबा. मी नळाशी कळशी लावून मागे रेलणार, एवढ्यात त्या फाटकातून ओरडल्या, "पोरी, भिंतीला टेकू नगो, वल्ली हाय. आल्यावर दुसरा हात मारते."