उद्यापनाची सातवी सुवासीण

भारती वजनकाट्यावर उभी राहिली आणि काटा सहावीतल्या पोरीच्या आकड्यावर थांबला. भारती एकोणीस वर्षांची होती. वैशाखात अंगात स्वेटर होता. आम्ही धुळ्यात होतो, तेव्हा वैशाख म्हणजे काय ते सांगायला नको.

"आज शुक्रवार शे ना मॅडम, तिना उपास शे," तिची आई कौतुकानं अहिराणीत म्हणाली. "घरना बठ्ठा उपास तीच धरस."

मी मानसोपचारतज्ज्ञांच्या हाताखालची सायकॉलॉजिस्ट होते. म्हणजे औषधं सर देणार, बोलायचं काम माझं. वय पंचेचाळीस, बाई जळगावच्या, कॉटनची साडी, आणि नुकतंच मुंबईला एक वर्कशॉप करून आलेली. विषय होता कल्चरली सेन्सिटिव्ह थेरपी. म्हणजे पेशंटची भाषा, रीतीभाती, देवधर्म धरून उपचार करायचे. सर्टिफिकेट मी फ्रेम करून टेबलामागे लावलं होतं. पेशंटनं खुर्चीत बसलं की ते बरोबर डोळ्यांसमोर यायचं. मी मुद्दाम मोजून खिळा ठोकला होता.

भारतीला होता अ‍ॅनोरेक्सिया. यात भूक मेलेली नसते. भूक लागते, पण खाल्लं म्हणजे आपण हरलो असं वाटतं. आरशात बाकीच्यांना हाडं दिसतात, तिला चरबी. आमच्याकडे येण्याआधी एका डॉक्टरांनी आईला सुनावलं होतं, "उपासबिपास थोतांड आहे, बंद करा." मायलेकी तिथून उठून आल्या होत्या. मला हे ऐकून आतून बरंच वाटलं. म्हटलं, बघा, याला म्हणतात सेन्सिटिव्हिटी नसणं.

पहिल्या सेशनला मी अहिराणीत सुरुवात केली. दोन वाक्यं ऐकून भारती म्हणाली, "मॅडम, तुम्ही मराठीत बोललात तरी चालेल. मी बीएस्सीला आहे."

सोमवार, गुरुवार, लक्ष्मीचा शुक्रवार, चतुर्थी, एकादशी. प्रत्येक व्रत संपवायचं तर उद्यापन लागतं. भारतीनं एकाचंही केलं नव्हतं. सोळा सोमवार पुरे होत आले की मोजणीत काहीतरी चुकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. आजाराला व्रताचं कुलूप लागलं होतं. किल्ली मला सापडली या आनंदात मी सरांकडे गेले.

"सगळ्या व्रतांचं एकच उद्यापन करू या, सर. उपास घरच्याच रीतीनं सुटेल."

सर रिपोर्ट बघत होते. "पोटॅशियम बघितलंस? हृदयाचा ठोका कधीही बिघडेल. आज अ‍ॅडमिट कर."

"सलाइन लावलं की घरचे उचलून नेतील. येत्या शुक्रवारपर्यंत वेळ द्या."

"लक्ष्मी थांबेल गं. ही पोरगी थांबेल का?"

मी हट्ट धरला. सरांनी पोटॅशियमचं औषध लिहिलं, दर दोन दिवसांनी रक्त तपासायचं सांगितलं, आणि उपास सुटला नाही तर शनिवारी अ‍ॅडमिट, असं फाइलवर लिहून घेतलं.

भारतीला विचारलं, "उद्यापन झाल्यावर जेवशील?"

"हो." लगेच. एवढ्या पटकन हो म्हणणारा पेशंट खोटं बोलत असतो, हे मी ज्युनियर मुलींना शिकवत असे.

शुक्रवारी त्यांच्या गावी गेले. सात सुवासिनींतली सातवी मी. खापरावरचे मांडे, आमटीसारखी झणझणीत रशी, खीर, सगळा स्वयंपाक भारतीनं केलेला. मी पाटावर बसताना आईला विचारलं, "भारती कुठे बसणार?"

"व्रत करनारी मागून जेवस मॅडम. बठ्ठा उठनात का मंग."

माझ्या डोक्यात एकदा घंटा वाजली. पण रीत होती. रीतीचा मान ठेवायचा, असं सर्टिफिकेटवर सहीशिक्क्यानिशी लिहिलेलं. मी मान डोलावली. भारती वाकून वाढत होती, तुपाची वाटी दोन्ही हातांनी धरून. मी दोन मांडे खाल्ले. तिसरा तिनं आग्रहानं वाढला, तोही खाल्ला. मग ओटी घेतली, शेवटची बस चुकेल म्हणून निघाले. दुसऱ्या दिवशी फाइलवर लिहिलं, 'उपास सुटला.' सरांनी विचारलं, "तू बघितलंस?" मी "हो" म्हटलं. बघितलं काय होतं, तर माझं पान.

सोमवारी सकाळी तिला जीपमधून आणलं. चुलीपुढे पडली होती. सरांनी तासभर प्रयत्न केले. अकराच्या सुमारास हृदय थांबलं.

आई बाकावर बसली होती. मी शेजारी बसले. बोलायचं काम माझं होतं. तीच बोलली.

"तिना ताट तिनी गायले दिधं. बाया म्हनन्यात, किती गुननी पोर शे." गाईपुढे ठेवलेल्या त्या ताटाचं सांगून मग म्हणाली, "तिले पहिले बसाडा, असं तुम्ही एक सबद सांगतात, ते आम्ही बसाडतूत. रीत काय, आपलीच करेल शे."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. त्या घरात रीत मोडायला सगळे तयार होते. अडून बसले होते ती मी, जळगावची पाहुणी.

सरांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. फाइलवरची माझी ओळ तेवढी त्यांनी खोडली. खाली मृत्यूची नोंद केली.

पुढे पंधरा वर्षं नोकरी केली. अशा मुली आणखी आल्या. काही वाचल्या, त्यांच्या लेखी मी चांगली ठरले. भारतीच्या घरी मी पुन्हा गेले नाही. दाराशी जाऊन काय सांगणार होते, मांडे छान झाले होते?

नव्या मुली सल्ला मागायला येतात, त्यांना एकच सांगते. रीत कोणाची, हे विचारण्याआधी ती कोणाला उपाशी ठेवते ते बघा. आणि पेशंटच्या घरी जेवायची वेळ आलीच, तर तिचा घास तिच्या घशाखाली उतरलेला दिसेपर्यंत आपलं पान वाढून घेऊ नका.