ऊस तुटला आणि आत्याचा थांबा हुकला

दिवाळीपासून रेवूचं एकच पालुपद चालू होतं. "मी एकटी आत्याकडे जाणार. एसटीने." रेवू म्हणजे रेवती, आमची मुलगी, वय चौदा, डाउन सिंड्रोम असलेली. आत्या म्हणजे माझी बहीण शालन. ती राहते सणसरला, इंदापूर तालुक्यात, बारामतीच्या आमच्या घरापासून एसटीने साधारण पाऊण तासावर. तिची पिठाची गिरणी आहे आणि रेवूला तिथल्या वजनकाट्यावर काम करायचं आहे. महिन्यातून आठवडाभर. आत्या तयार, रेवूची आई तयार. नाही म्हणणारा घरात मी एकटाच.

माझी बायको वंदना दवाखान्यात नर्स आहे. माझं काम घरबसल्या चालतं, लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स डिझाइन करायचं. चौथीत रेवूला शाळेतून काढलं, कारण तिथे ती मागच्या बाकावर नुसती चित्रं रंगवत बसायची. तेव्हापासून तिचा मास्तर मी. गणित मंडईत, वाचन स्टँडवरच्या पाट्यांवर, विज्ञान कुकरच्या शिट्ट्यांवर. तिने पहिल्यांदा एकटीने वरणभात केला त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले. पोरगी दहावी झाली की काय, असं लोकांना वाटलं.

आमच्या घरात एक नियम आहे, दहा आकड्यांचा. रेवूला काही विचारलं की मनात दहापर्यंत मोजायचं आणि तोवर तोंड बंद ठेवायचं. उत्तर तिच्याकडे असतं, फक्त बाहेर यायला वेळ लागतो. घरात मी हा नियम पाळतो. बाहेर पडलो की माझी पंचाईत होते, कारण मी मुळातच बडबड्या माणूस आहे आणि समोरचा चार सेकंद गप्प बसला तर मला अपराध केल्यासारखं वाटतं.

"अहो, घरी तुम्ही तिला चांगलं शिकवता," वंदना म्हणाली, "पण उंबरा ओलांडला की तिचं तोंड तुम्हीच होता. दोन दिवस तिच्याबरोबर एसटीने फिरून या. तिच्या वतीनं एक शब्द बोलायचा नाही. जमलं तर जूनमध्ये ती एकटी जाईल."

"आणि नाही जमलं तर?"

"कुणाला? तिला की तुम्हाला?"

मग एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही बापलेक निघालो. बेत असा: पहिल्या दिवशी बारामती ते सणसर, मुक्काम आत्याकडे. दुसऱ्या दिवशी इंदापूर, तिथून पळसदेवला उजनी धरणाचं पाणी ओसरल्यावर उघडं पडणारं जुनं देऊळ, मग भिगवणला जेवण आणि परत बारामती. आमच्यासारखं मूल घेऊन हा फेरा करणार असाल तर सकाळी लवकरची गाडी धरा, कारण दहानंतर पत्रा तापतो. अपंगत्वाचं मूळ कार्ड जवळ ठेवा, झेरॉक्सवर वाद होतात. तिकिटात चांगली सवलत मिळते. सोबत्याला मिळते की नाही हे कार्डावर काय लिहिलंय त्यावर आहे, ते डेपोत आधी विचारून घ्या.

रेवूच्या पाठपिशवीत पाणी, टोपी आणि थांब्यांची वही होती. ही वही माझी निर्मिती. नोव्हेंबरात मोटरसायकलवरून सणसरच्या रस्त्यावर फिरून मी फोटो काढले आणि क्रमाने चिकटवले. स्टँड, पेट्रोल पंप, साखर कारखान्याचं धुराडं असं करत शेवटच्या पानावर रस्त्याला लागून माणसाच्या डोक्यावर गेलेला ऊस. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ऊस दिसला की उठायचं.' आत्याचा थांबा मुख्य गावाच्या अलीकडे आहे, कुणी सांगितलं तरच गाडी थांबते, म्हणून ही खूण. वहीचे फोटो मी पालकांच्या ग्रुपवर टाकले होते आणि भरपूर शाबासकी घेतली होती. आजही मला ती वही आठवली की कान गरम होतात.

गाडी सुटली. रेवूला मागची सीट आवडते. कंडक्टर मॅडम आल्या. "कुठं?"

रेवूने त्यांच्याकडे पाहिलं. मी मोजायला लागलो. पाचला माझे ओठ उघडले, सहाला मी ते दाताखाली धरले. आठला रेवूने कार्ड पुढे केलं. "सणसर. एक माझं. एक पप्पांचं."

मॅडमचं तिकिटाचं मशीन अडकलं होतं. त्यांनी ते दोनदा आपटलं. "ह्या मशीनपरास लवकर बोललीस की गं," असं म्हणून त्या पुढच्या गर्दीत शिरल्या. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

पण यश पचवणं माझ्या रक्तात नाही. शेजारी पांढरी टोपी घातलेले एक आबा बसले होते. त्यांनी मला विचारलं, "पोरगी बोलत न्हाय व्हय?"

सातव्या आकड्याला रेवू म्हणाली, "बोलते."

आबा खूश झाले, मी त्याहून खूश झालो, आणि त्या खुशीत आमच्या गप्पा जुंपल्या. रस्ता, कारखाना, जावई, गुडघेदुखी. गाडीने एकामागून एक गचके खाल्ले. रेवूने माझी बाही ओढली. "पप्पा, उठायचं."

"थांब गं. ऊस अजून आला नाही."

"पप्पा. उठायचं."

मी खिडकीबाहेर बघितलं. सपाट रान होतं, त्यात गवतासारखं वीतभर काहीतरी हिरवं. "वही बघ रेवू. ऊस दिसला की उठायचं, असं आहे ना? मग?" आणि मी आबांच्या जावयाकडे वळलो.

गाडी सणसर सोडून चांगली पुढे गेल्यावर आबांनीच विचारलं, "तुमाला उतरायचं कुठं हुतं?"

पुढच्या फाट्यावर उतरलो. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. फाट्यावर एक रसवंती दिसली, तिथे बाकड्यावर बसलो. इथला रस आलं-लिंबू घालून देतात, बर्फ नको असेल तर आधीच सांगायचं. ग्लास समोर आले. रेवू प्याली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "मी उठायचं म्हटलं होतं."

मी ग्लासातली लिंबाची बी बोटाने काढत बसलो. 

रेवू एकेक बोट मिटत होती. एक, दोन, तीन. माझ्या लक्षात आलं तेव्हा ती दुसऱ्या हातावर पोचली होती. करंगळी मिटून ती म्हणाली, "दहा झाले, पप्पा."

"चुकलं माझं," मी म्हणालो. मग तिने ग्लास उचलला.

"तुला कसं कळलं गं, आत्याचा थांबा आलाय ते?"

या वेळी दहाच्या पुढेही मोजावं लागलं. "तीन धक्के. मग कालव्याचा पूल. मग आत्या."

तीन स्पीडब्रेकर, एकापाठोपाठ एक. मागची सीट तिला का आवडते ते मला तेव्हा कळलं. चार वर्षं मी समजत होतो की तिला नुसती उडायची मजा वाटते.

दोनेक किलोमीटर मागे चालत आलो. आत्या गिरणीच्या दारात उभी होती. झाला प्रकार ऐकून ती आधी पदर तोंडाला लावून हसली, मग पदर सोडून हसली. "दादा, ऊस काय देऊळ हाय व्हय, जागंवर ऱ्हायला? शिमगा झाला आन् तुटला की! आता नुसता फुटवा हाय, वीतभर. आरं, शेतकऱ्याचा ल्योक ना तू?"

दुपारी भाकरी, काळ्या मसाल्याचं वांगं आणि दाण्याची चटणी. ज्यांना वाटेत चांगलं जेवण हवंय त्यांनी माझ्या बहिणीसारखी बहीण शोधावी, एवढंच सांगतो. संध्याकाळी गिरणीवर गर्दी झाली. रेवू काट्यापाशी उभी राहिली. डबा ठेवायचा, आकडा मोठ्याने वाचायचा, खडूने डब्यावर लिहायचा. मी पोत्यावर बसून बघत होतो. एक मावशी माझ्याकडे वळून हळहळल्या, "लेकरू बिचारं लई सालस हाय."

आत्याने गिरणीच्या आवाजावर आवाज काढला, "बिचारं कशापायी? तुमचं वजन पावशेरानं चुकलंय का एकदा तरी?"

मावशींनी स्वतः वाकून काटा बघितला. चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःला शिक्षा करून घेतली. इंदापूरच्या गाडीत रेवू पुढे आणि मी तीन सीटा मागे. निमगाव केतकीला गर्दी चढली आणि मला तिचं फक्त डोकं दिसायला लागलं. मग तेही दिसेना. मी दोनदा उठलो आणि दोनदा बसलो, हे कबूल करतो. इंदापूर स्टँडवर गाडी लागली तेव्हा ती दारापाशी उभी राहून माझी वाट बघत होती, हातात दोन्ही तिकिटं.

इंदापुरातून पुण्याच्या दिशेने जाणारी गाडी पकडली. पळसदेवला हायवेवर उतरून गावातून खाली पाण्याकडे गेलो. यंदा पाणी बरंच मागे हटलंय. सावली अजिबात नाही, टोपी हवीच. होडीचे पैसे आधी ठरवून घ्या आणि लाइफ जॅकेटशिवाय बसू नका, होडीवाल्याने कितीही हसं केलं तरी. आमचे होडीवाले तात्या हसले नाहीत. त्यांनी स्वतः रेवूच्या जॅकेटचे पट्टे आवळले. "भ्या वाटतंय का, बाय?"

मी पाण्याकडे बघत मोजत राहिलो.

"नाही. जॅकेट आहे."

तात्यांनी मान डोलावली आणि होडी सोडली. थोडं पाणी, मग भेगा पडलेला गाळ, आणि त्याच्यापुढे ते दगडी देऊळ. भिंतींवर पाण्याच्या रेघा, खाचांत शिंपले चिकटलेले. एवढं मोठं बांधकाम वर्षातले कितीतरी महिने पाण्याखाली उभं असतं, हे डोळ्यांनी बघूनही मला पटायला वेळ लागला. रेवूने एका खांबावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग तिने विचारलं, "देव बुडले होते?"

"न्हाय गं," तात्या म्हणाले. "वर गावात नवं देऊळ बांधलंय. देव कवाच तितं ऱ्हायला गेलं."

रेवू हसली. "हुशार आहेत."

परतताना मी तात्यांना विचारलं, पावसाळ्यानंतर सगळं बुडाल्यावर ते होडी कशाच्या खुणेवर नेतात. ते म्हणाले, "दिसतंय त्येच्यावर इस्वास ठिवला तर खडकाव बसंल होडी. खाली काय हाय ते हाताला कळतंया. वल्ह्यात येतंय."

आत्या मला म्हणाली होती, ऊस काय देऊळ आहे जागेवर राहायला. आणि इथे तर देऊळसुद्धा दिसेलच असं नाही. रेवूला जे बुडाखाली कळत होतं ते सोडून मी तिला माझ्या डोळ्यांनी बघायला लावत होतो, तेही नोव्हेंबरातल्या डोळ्यांनी. होडीत बसून मला मनापासून लाज वाटली आणि त्याच्या दुप्पट तिचा अभिमान वाटला.

भिगवणला मासे खाल्ल्याशिवाय पुढे गेलात तर हा ब्लॉग वाचू नका. वेटरने मला विचारलं, "मुलीला काय द्यायचं?" मी फक्त तिच्याकडे बोट केलं. त्या भल्या माणसाने वही-पेन हातात धरून वाट बघितली. "चिलापी फ्राय," रेवू म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "काटे मी काढणार." अर्धा तास लागला. मी माझ्या ताटाकडे बघत जेवलो.

बारामतीच्या गाडीत तिने थांब्यांची वही काढली. उसाचं पान टरकन फाडलं आणि घडी करून माझ्या खिशात घातलं. कोऱ्या पानावर तीन आडव्या रेघा काढल्या, खाली निळ्या पेनाने कालवा. त्याच्याखाली माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'उठायचं.'

घरी वंदनाने दार उघडलं. "काय, जमलं?"

"तिला जमलं," मी म्हणालो. "मी नापास." रात्रीच्या जेवणात तिने शिरा केला.

या गोष्टीला दीड महिना झाला. ते उसाचं पान माझ्या टेबलावर काचेखाली आहे. काम करताना कुणी फोनवर रेवूबद्दल मला विचारलं की मी त्या पानाकडे बघतो आणि फोन रेवूकडे देतो. ज्यांच्या घरी आमच्यासारखं मूल आहे, त्यांना माझ्याकडून एवढंच सांगणं आहे: खुणा तुम्ही ठरवू नका. मुलाला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मी हे चौदा वर्षांनी शिकलो, तुम्ही त्याआधी शिका.

गेल्या सोमवारी सकाळी रेवू एकटी गेली. मी तिला गाडीत बसवलं, कंडक्टरला काही सांगितलं नाही, आणि घरी येऊन एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एकाच माणसाचा फोटो दोनदा लावला. पाऊण तास गेला, तास गेला. वंदनाने ड्यूटीवरून दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा वाजला तो रेवूचा होता.

"रेवू, पोचलीस का गं?"

पलीकडे नुसती गिरणीची घरघर. एक, दोन, तीन. मी फोन कानाला घट्ट दाबला. सहा, सात. मी काहीच बोललो नाही. नऊ.

"पोचले."

अजूनही मी बोललो नाही, कारण तिचं संपलं नव्हतं हे आता मला कळतं.

"पप्पा, ऊस परत आलाय. माझ्या कमरेएवढा." मग पुन्हा घरघर, आणि मागून कुणीतरी डबा आपटल्याचा आवाज. "ठेवते. गिऱ्हाईक आलंय."