लाल डोंगर, हिरवा चुडा

आमच्या अंबाजोगाईतला एक फोटोग्राफर नव्या जोडप्यांना बालाघाटच्या डोंगरात उभं करतो आणि दुकानात येऊन कॉम्प्युटरवर सगळं हिरवं लाल करतो. गिऱ्हाइकाला काश्मीरची पानगळ हवी असते. हा स्वतः तिकडं कधी गेला नाही. "थंडी सोसत न्हाई," म्हणतो.

एकदा पानांबरोबर नवरीचा हिरवा चुडाही लाल झाला. सासू फोटो घेऊन भांडायला आली. हा थंडपणे म्हणाला, "पानगळ हाय मावशी, कुणाला सोडती का?"

सासूचा चेहरा उतरला. ते बघून हाच हादरला. तिला समोर बसवून त्यानं एकेक बांगडी पुन्हा हिरवी केली.

डोंगर तो अजूनही बिनदिक्कत वाळवतो. पण बांगड्यांपाशी आला की आधी चप्पल काढतो.