जाळ्याखालचं बावखल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझा चिक्कूपणा, माझा राग, सगळं तिला तोंडपाठ आहे – पण हे नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल. आमच्याकडे ज्याला सांगायला जावं तो नेमका कुणाचा तरी पुतण्या निघतो.

बोळिंजच्या बाजूला आमची वाडी होती. तेव्हा तिथे इमारती नव्हत्या. केळी, पानवेली, आणि पाण्यासाठी खोदलेली गोड्या पाण्याची तळी. त्यांना आम्ही बावखल म्हणतो. एक बावखल आमचं. पलीकडचं दोघांत – मोठ्या काकांच्या मागे राहिलेली काकी आणि धाकटे नानाकाका. पाण्याच्या पाळीवरून दोघांची जुनी धुसफूस होती, पण सणावाराला ताटं इकडून तिकडे जायची. मासे दोन्ही बावखलांत होते; पलीकडच्यात काकीने रोहू-कटल्याचं बी सोडलेलं. त्या माशांवरच तिचं घर चालायचं.

मी गणितात पीएच.डी. करत होतो. विषय सांगितला की लोक हसायचे. मासे आणि त्यांना खाणारे बगळे, यांच्यात रोगाची साथ शिरली तर कोण किती उरतं, याचं गणित. निरोगी मासे, आजारी मासे, बगळे – तीन समीकरणं. आजारी मासा सुस्तावतो, वर वर तरंगतो, आणि बगळा त्यालाच आधी टिपतो. म्हणून बगळे पुरेसे असले तर साथ पसरत नाही. समीकरणातलं बगळ्यांचं पद शून्य केलं की आजारी माशांची रेषा उभी चढत जाते. मुंबईला जाऊन पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा संगणकाला द्यायचा, दुसऱ्या दिवशी आकडे मिळायचे. रेषा दर वेळी चढायची. मला ती फार आवडायची, खोटं कशाला बोलू?

माझे मार्गदर्शक म्हणाले, कागदावर झकास आहे, पण पाण्यात असं होतं का?

त्या हिवाळ्यात दोन्ही बावखलांतल्या काही माशांच्या अंगावर लाल चट्टे दिसू लागले. थोडेच होते. बगळे नेहमीसारखे काठावर उभे असायचे. काकी त्यांना शिव्या घालायची, सगळी मासळी मेल्यांनी खाल्ली म्हणायची. एकदा तिने मलाच विचारलं, काय करू रे? आणि मी सांगितलं – वरून जुनी जाळी ताण, बगळा शिरणार नाही. जाळी मीच आणून दिली. बांबू रोवायलाही मीच. तिने मला चहा पाजला, वर वाटीभर खीर. मी ती खाल्ली.

कळतंय ना? मला काय होणार ते माहीत होतं. कुणालाच माहीत नसेल इतकं. मला एक झाकलेलं तळं हवं होतं आणि एक उघडं. झाकायचं कुठलं, हेही मीच ठरवलं. आमचं नाही.

पुढे झालं ते तसंच झालं. आमच्या बावखलात चट्टे कमी झाले. काकीच्या बावखलात आधी एखाददुसरा मासा उलटा तरंगला, मग काठाने पांढऱ्या पोटांची रांगच लागली. वास पार रस्त्यापर्यंत. ती पदर नाकाला लावून मेलेले मासे टोपलीत भरत होती, आणि मी, तिच्या शेजारी उभा राहून, खूश होतो. लाज वाटते सांगायला. पण मी खूश होतो.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं, नाही? पण मूळ गोष्ट अजून पुढेच आहे.

मासे मेले म्हणजे कुणीतरी मारले असणार. काकीने नानाकाकांकडे बोट दाखवलं. "ह्यानीच कायतरी टाकलान पान्यात." भांडणं होतीच, लोकांना पटलं. नानाकाका तोंडाने फटकळ, पण माशीही न मारणारा माणूस. ते भांडले नाहीत. संध्याकाळी मला वाडीत गाठून हळूच म्हणाले, "तू शिकलेला हायस, खरं सांग. मी पानवेलीवर औषध मारला होता. त्या फवारनीचा पानी बावखलात गेला असंल का?"

विष टाकल्याचा आळ टाळायचा म्हणून ते विचारत नव्हते. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. एक 'नाही' म्हणायचं होतं मला. पण नाही म्हटलं की मग कशाने, हे आलं. मग बगळे आले. मग जाळं आलं, आणि जाळ्यामागे मी.

मी म्हणालो, "असू शकेल, काका."

दुसऱ्या दिवशी ते काकीच्या दारात गेले. आम्ही सगळे होतो. वयाने वाकलेले नव्हते, पण वाकले. "वैनी, माज्याच हातून झाला. जानून नाय केला." काकीने दार लावून घेतलं. त्यांनी बावखलातला आपला हिस्सा सोडला, फवारणीचा पंप कुणाला तरी देऊन टाकला. पुढच्या वर्षांत पानवेल कीड लागून गेली. काकीच्या घरातून त्यांच्याकडे पुन्हा ताट आलं नाही.

माझा लेख छापून आला. त्यात काकीचं बावखल 'तळं क्रमांक दोन' आहे. मला नोकरी लागली, लोकांनी पेढे खाल्ले, नानाकाकांनीही. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू त्या टायमाला खरं सांगितलास, म्हनून मला माफी तरी मागता आली."

मी त्यांच्या पाया पडलो आणि घरी आलो. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. मी दर दिवाळीला जायचो, बाजूला बसायचो, आणि दर दिवाळीला गप्प बसून परत यायचो.