ओढ्यापाशी डावीकडे

पाऊस सुरू झाला की आमच्या बेटावरच्या तितिकावेका गावात माणसं घरात शिरतात आणि ममा अकाइती बाहेर पडते. निदान त्या आठवड्यापर्यंत तरी असंच होतं. पत्र्यावर थेंब वाजायला लागले की शेजारच्या पडवीतून तिच्या स्कूटरचा खोकला ऐकू यायचा, आणि मग माझ्या फाटकाशी दोनदा हॉर्न.

"बाई, गावात चाललेय. काही आणायचंय?"

मी नाही म्हटलं तरी ती जरा थांबायची. नाही म्हटल्यावरच मला काहीतरी आठवतं, हे तिला ठाऊक होतं.

बुटकी, रुंद खांद्यांची, सत्तरी ओलांडलेली, अख्ख्या गावाची ममा. लाल स्कूटर, तिच्या मागे दोरीने बांधलेला हिरवा क्रेट. अंगात पिवळा रेनकोट, तो तिच्या नवऱ्याचा, मासेमारीला जाताना घालायचा तो. रेनकोटची टोपी हेल्मेटवरून पुढे ओढली की आत कोण आहे हे कळायचं नाही. पण पावसात आमच्याकडे चेहरा बघतं कोण? स्कूटर बघायची, भुवया उंचावायच्या, झाला नमस्कार.

अकाइतीला बसता येत नसे. मोएरोआ, तिची मुलगी, माझ्या वर्गात होती तेव्हा पालकसभेला ती दारातच उभी राहून बोलायची आणि बोलता बोलता खिडकीच्या तावदानावरची धूळ पुसून टाकायची. बायका जमून चादरीवर फुलं शिवायला बसल्या की हिचं एक फूल होईतो हिला कुणाकडे तरी निरोप द्यायचा आठवायचा. नवरा गेला, मुलं एकेक करून ऑकलंडला गेली, तशी तिची ही तगमग वाढली. उन्हात ती बागेत काहीतरी खणत तरी राहायची. पावसात मात्र स्कूटरच.

मागच्या पावसाळ्यात चर्चच्या वळणावर ती पडली. गुडघा सोलवटला, डावा आरसा तडकला. तिने गुडघ्याला पाला बांधला, आरशाला चिकटपट्टी लावली आणि विषय संपवला. पण ऑकलंडला बातमी पोचायला गुडघा सुकावा लागत नाही. सुट्टी मिळाल्याबरोबर मोएरोआ विमानाने येऊन थडकली.

ती तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात नर्स आहे. "बाई, मी रोज पडलेल्या आज्या उचलते," ती मला म्हणाली. "माझीच आई कुणीतरी रस्त्यावरून उचलायची, हे मला चालणार नाही." सोमवारी ती परत जाणार होती आणि त्याआधी स्कूटर आरोरांगी गावच्या मावसभावाला देऊन टाकणार होती. स्कूटरची किल्ली तिने दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती.

आणि पाऊस काही थांबत नव्हता. अकाइती खोलीतून पडवीत, पडवीतून खोलीत. मध्येच उभी राहून रस्त्याकडे कान लावायची. मुलीशी बोलणं बंद.

शनिवारी सकाळी मोएरोआने मला हाक मारली. रविवारसाठी पाव आणि डब्यातलं मांस आणायचं होतं, मावसभाऊ गाडी घेऊन येणार होता तो आला नव्हता. "बाई, थोडा वेळ ममापाशी बसता? मीच स्कूटरवर जाऊन येते." आणि तिने खुंटीवरचा पिवळा रेनकोट काढला.

अकाइती दारात आडवी आली.

"नको जाऊस."

"का? चालवायला तूच शिकवलीस ना?"

"रस्ता ओला आहे."

"ऐका, बाई, ऐका! हे कोण सांगतंय बघा!"

मी हसले. अकाइती हसली नाही. मुलगी हेल्मेट चढवून, टोपी ओढून फाटकाबाहेर वळली, तेव्हा मागून बघताना मलासुद्धा क्षणभर अकाइतीच चालली आहे असं वाटलं. तेच खांदे, तीच मान.

"बाई, गेलं सगळं," अकाइती म्हणाली.

"अगं, येईल ती. काही होत नाही तिला."

"तिला नाही हो काही होत! तिकडे इओतेपा ओरडणार."

पापा इओतेपा म्हणजे ओढ्याच्या वळणावर राहतो तो, डुकरं पाळणारा. तो कशाला ओरडेल, मला कळेना. अकाइतीने पडवीत दोन येरझारा घातल्या, कठडा धरला, सोडला, आणि माझ्याकडे न बघता सांगून टाकलं. तिला दिसत नव्हतं. डाव्या डोळ्याने जवळजवळ नाहीच, उजव्याने धुरातून बघावं तसं. उन्हात सावल्यांवरून भागायचं, पावसात सगळं पांढरं. ओढ्याचा पूल अरुंद, त्याच्या तोंडाशी खड्डा. ती पडल्यापासून पाऊस आला की इओतेपा छत्री घेऊन तिथे उभा राहायचा आणि लाल स्कूटर दिसली की ओरडून तिला वाट सांगायचा.

"तो स्कूटर बघणार आणि ओरडणार. माझी पोरगी मूर्ख नाही, बाई. तिला कळणार. मग स्कूटरच नाही, मलाच उचलून नेईल ती ऑकलंडला. तिथे खिडकीत बसवून ठेवतील मला."

मला एकदम आठवलं, मागे एकदा माझ्या दोरीवरच्या झग्याला तिने फाटकातून विचारलं होतं, "बाई, भिजताय कशाला?" मी तो विनोद समजून पोट धरून हसले होते. चर्चमध्ये ती पुस्तकाकडे बघतच नसे, पण सगळी गाणी पाठ असणाऱ्या बाईला ते बघायचं कारणही नव्हतं.

आम्ही इओतेपाला फोन लावला. वाजत राहिला. तो घरात नसणारच, रस्त्यावर छत्री घेऊन उभा असणार. "मी चालत जाते," असं म्हणून अकाइती पायरीपर्यंत गेली. मी तिचा दंड धरला. मग मी चहा केला, तो तिने उभ्यानेच घेतला आणि अर्धा कठड्यावर विसरली. एखादी स्कूटर जवळ यायची, तिची मान वर व्हायची. "नाही. ही पलीकडच्या तुपेची. हिचा सायलेन्सर फुटलाय." पुन्हा येरझारा. तिच्याबरोबर मीही केव्हा उभी राहिले ते मला कळलं नाही.

मोएरोआ आली ती हसतच. रेनकोटमधून पाणी गळत होतं आणि मागचा क्रेट काठोकाठ भरलेला.

"बाई, हे बघा! पाव आणि मांसाचे डबे तेवढे मी आणले. बाकीचं हे काय आहे कुणास ठाऊक!" तिने अळूसारखी तारोची पानं बाहेर काढली, मग एक पपई, मग कुणाची तरी दुरुस्त केलेली चप्पल. "तुपेने हात केला म्हणून थांबले, तर तिने पानं कोंबली. म्हणाली, 'ही नूरोआकडे दे आणि त्याला सांग, त्याचा कोंबडा आता माझ्या अंगणात आला तर चालत परत येणार नाही, शिजून येईल.' मी तोंड उघडायच्या आत ती घरात पळाली. पुढे थांब्यावर एक पोरगी न विचारता मागे बसली. अख्खा रस्ता तिच्या मैत्रिणीचं भांडण सांगत होती. उतरताना म्हणते, 'ममा, आज तू सल्ला नाही दिलास. बरं नाही का?' आणि नूरोआ! त्याने हेल्मेटच्या आत वाकून बघितलं आणि केवढ्यांदा दचकला! म्हणाला, 'अकाइती कुठाय? काय झालं तिला?' पानं घ्यायचंही त्याला सुचलं नाही."

अकाइती कठडा धरून उभी.

"आणि ओढ्यापाशी..." मोएरोआचं हसू ओसरलं. तिने हेल्मेट खाली ठेवलं. "पापा इओतेपा रस्त्यातच उभा. 'डावीकडे, ममा! अजून डावीकडे! आता सरळ! गेला खड्डा, जा!' मला वाटलं झाड पडलंय. बघते तर रस्ता मोकळा. खड्डा तर लांबूनच दिसत होता. येताना पुन्हा तसंच ओरडायला लागला, तेव्हा मी थांबून टोपी मागे सारली. त्याने मला बघितलं, छत्री मिटली आणि तसाच पावसात उभा राहिला."

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"ममा, त्याने मला खड्डा का दाखवला?"

"त्याला बोलायची हौस आहे."

"ममा."

अकाइतीने पपई उचलली, दाबून बघितली, खाली ठेवली. "तू लहान होतीस तेव्हा माझ्या मागे बसून रेनकोटच्या आत डोकं घालायचीस. तुला काही दिसायचं नाही. तरी आतून ओरडायचीस, ममा, ओढा आला, ममा, चर्च आलं. एकदा तरी चुकलीस?"

"मी मागे बसत होते! चालवत नव्हते!"

मी शाळेत होते तेव्हा मुलांना गप्प करणं हेच माझं काम होतं. त्या दिवशी मी नुसता कठड्यावरचा गार चहा ओतून दिला. मोएरोआच खालच्या आवाजात विचारू लागली, आपल्या आश्रमातल्या आज्यांशी बोलत असेल तसं. न्यूझीलंडहून डोळ्यांचे डॉक्टर येतात तेव्हा तू गेली नाहीस का? नाव दिलं होतं, म्हणाली अकाइती. एकदा सर्दी होती. एकदा कुणाचीतरी मयत होती.

"खरं सांग."

"ऑपरेशन झालं की घरात बसायला लावतात," अकाइती म्हणाली. "वाकायचं नाही, उचलायचं नाही, स्कूटर नाही. मग पाऊस आला म्हणजे मी काय करू? पावसात हे घर फार मोठं होतं गं."

मोएरोआ खूप वेळ गळ्यातल्या दोऱ्याशी चाळा करत राहिली. मग तिने तो डोक्यावरून काढला. अकाइतीचा हात पुढे झालेला मी पाहिला. पण किल्ली माझ्या तळहातावर आली.

"बाई, तुम्ही मला एकदाही खोटा गुण दिला नाहीत," ती म्हणाली. "ऑपरेशन झालं, डॉक्टर हो म्हणाले, तरच हिला द्यायची. नाहीतर समुद्रात टाका. आणि ममा, स्कूटर आरोरांगीला जात नाही. ऐकलंस?"

सोमवारी ती गेली. डॉक्टर आले तेव्हा अकाइतीला तिथवर मी घेऊन गेले, आणि रांगेत ती अर्थातच उभी राहिली.

ऑपरेशननंतरचे आठवडे मी विसरणार नाही. पाऊस आला की ती माझ्या पडवीत यायची, डोळ्यावर झाकण, हात मांडीखाली दाबून. तिची फेरी इओतेपाने उचलली होती. तिचीच स्कूटर, तिचाच रेनकोट, कारण क्रेट त्याच स्कूटरला होता. किल्ली रोज माझ्याकडून न्यायची आणि परत आणून द्यायची. "सगळे मला ममाच म्हणतात!" तो फाटकातून कुरकुरायचा. "तुपे तर म्हणाली, ममा, जाडी झालीस!"

"ब्रेक किती दाबतोस रे! इथवर ऐकू येतंय," अकाइती ओरडायची. "माझी स्कूटर आहे ती, तुझी डुक्करीण नाही!"

पुढे डॉक्टर हो म्हणाले. मी किल्ली दिली. पहिला पाऊस आला तेव्हा ओढ्यापाशी काय झालं हे तिनेच मला सांगितलं. इओतेपा छत्री घेऊन हजर. "डावीकडे, ममा!"

"दिसतंय रे मला! तुझ्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसतंय!"

तरी तो पुढच्या पावसातही तिथे होता, असं ती सांगते. बटण मात्र लावलेलं होतं.

आज सकाळपासून पाऊस आहे. ती गेली त्याला बराच वेळ झाला. मी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा उभ्यानेच घेतला. तुपेची स्कूटर गेली, नूरोआची गेली. फाटकाशी दोनदा हॉर्न वाजत नाही तोवर मला काही बसता यायचं नाही.