एन्ट्रीला अडकणारा डबा

बाबा डाव्या बाजूने रंगमंचावर येतात, लाल दिवा फिरायला लागतो, धूर सुटतो आणि चित्र अडकतं. आवाज मात्र पुढे चालू राहतो. ढोलकी वाजते, लोक शिट्ट्या मारतात, बाबांचा पहिला संवाद सुरू होतो, आणि पडद्यावर बाबा मात्र एक पाय उचलून उभेच. मग चित्र एकदम उडी मारून आवाजाला गाठतं, पुन्हा अडकतं, पुन्हा उडी मारतं. एवढ्या मोठ्या नाटकात नेमकं माझ्याच बापाच्या एन्ट्रीला असं काऊन होतं, हे कळेपर्यंत मी त्या डब्याला इतक्या शिव्या घातल्या की आई म्हणायची, हळू बोल, शेजारचे ऐकतात.

डबा म्हणजे मीडिया प्लेअर. तळहाताएवढा, काळा. एका बाजूला पेनड्राइव्ह लावायचा, दुसऱ्या बाजूची केबल टीव्हीत घालायची आणि रिमोटने चित्र सुरू करायचं. खोक्यावर लिहिलं होतं की काहीही लावा, लोण्यासारखं चालेल. आमच्या घरचा टीव्ही जुना, त्याला पेनड्राइव्हमधलं काही वाचता येत नव्हतं, म्हणून चंद्रपूरहून मी हा डबा आणला. आईने आधी त्याला हळद-कुंकू लावलं. कुंकू त्याच्या जाळीत गेलं ते आजही निघालेलं नाही.

आमचं गाव मार्कंड्याच्या अलीकडे, धानाचं. दिवाळी झाली, धान घरात आलं की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. झाडीपट्टीत नाटक म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. त्या दिवशी गावातलं एकही घर रिकामं नसतं. लेकी-जावई, साळे, व्याही, व्याह्यांचे व्याही, सगळे येतात. मग घरची बाई काय करते? ती चुलीपुढे बसते. एक पंगत उठते, दुसरी बसते. नाटक पाहायला उशिरा आलेला पाहुणासुद्धा जेवल्याशिवाय जात नाही. माझे बाबा गावच्या मंडळात तरुणपणापासून काम करायचे, आणि आईने त्यांना रंगमंचावर कधीच पाहिलेलं नव्हतं. मंडप चार घरं पलीकडे, भोंग्याचा आवाज थेट चुलीपर्यंत यायचा. बाबांचे संवाद तिला पाठ होते. कुठल्या वाक्याला टाळी पडते, कुठे ते अडखळले आणि प्रॉम्प्टरने सांभाळून घेतलं, हे ती सकाळी त्यांना बरोबर सांगायची. पण पाहिलं म्हणाल तर नाही.

बाबांच्या शेवटच्या मंडईत मंडळाने तालुक्याहून लग्नाचं शूटिंग करणारा एक फोटोग्राफर आणला होता. त्याने नवीनच कॅमेरा घेतला होता आणि त्याचा त्याला फार अभिमान. सगळं नाटक त्याने आम्हाला पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं. बाबा त्यात पाटील झाले होते, खलनायकच तसा. ते वर्ष सरायच्या आत बाबा गेले. त्यांच्या मागे आईच्या डोळ्यांचं निघालं. ती भिंतीला घासून चालायला लागली, ताटातली भाजी शोधायला लागली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेचं दिसणं गेलेलं आहे, ते परत येणार नाही, उरलेलं थेंब घालून सांभाळायचं आणि किती सांभाळलं जाईल ते सांगता येत नाही, असं म्हणाले. नळीतून पाहिल्यासारखं तिला दिसत होतं. परत येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मग म्हणाली, "तुह्या बाबाचं नाटक टीवीवर लावता येते का रे? मले एकदा पाहू दे."

एवढंच तिने मागितलं. मला वाटलं, हे तर चुटकीसरशी होईल.

मी कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात कंट्रोल रूममध्ये काम करतो. दिवसभर स्क्रीनपुढे बसतो, त्यामुळे घरच्यांचा समज असा की वायर असलेली कोणतीही वस्तू मला दुरुस्त करता येते. हा समज मीही कधी खोडून काढला नव्हता. सुट्टीच्या दिवशी गाडी काढून गावी यायचं, डबा उघडून बसायचं आणि संध्याकाळी हात हलवत परत जायचं, असा माझा क्रम सुरू झाला.

आधी केबल बदलली. फरक नाही. मग पेनड्राइव्हवर संशय घेतला आणि चांगला, वेगाचा पेनड्राइव्ह आणला. त्यात फाईल कॉपी व्हायलाच तयार नाही, फाईल फार मोठी आहे म्हणे. तो पेनड्राइव्ह वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट केल्यावर कशीबशी बसली. लावली. बाबा आले, धूर आला, चित्र अडकलं. मी टीव्ही बंद केला.

मग हार्ड डिस्क लावून पाहिली. डब्याच्या बारक्याशा पोर्टमधून तिला पुरेशी वीजच मिळेना. ती टिक टिक करून बंद पडायची, पुन्हा सुरू व्हायची, पुन्हा टिक टिक. नंतर कुणीतरी म्हणालं डबा अपडेट करा. त्याला इंटरनेट लागतं आणि आमच्या घरात मोबाईलला टॉवर फक्त मागच्या खिडकीत मिळतो. मोबाईल खिडकीच्या गजात अडकवून ठेवला, हॉटस्पॉट चालू केला आणि टीव्हीवर सरकणाऱ्या अपडेटच्या रेघेकडे बघत बसलो. ती अर्ध्यावर यायची आणि टॉवर जायचा. शेवटी झालं अपडेट. रिमोटची चार बटणं निराळी वागायला लागली, एवढाच बदल झाला.

डबा गरम होत असेल म्हणून आईने त्यावर धुळीसाठी घातलेलं फडकं काढलं आणि समोर टेबलफॅन लावला. आमच्याकडच्या उन्हाळ्यात माणसाला मिळत नाही तो पंखा त्या डब्याला मिळाला. तो थंडगार झाला आणि तेवढ्याच थंडपणे अडकला.

फोनवर विचारायला गेलो तर सगळेच हुशार. दुकानदार म्हणाला डबा चांगला आहे, टीव्ही जुना आहे. टीव्हीवाला म्हणाला टीव्हीत काही दोष नाही, डब्यात आहे. डब्याच्या कंपनीची बाई फार गोड बोलली आणि पेनड्राइव्ह बदला म्हणाली. फोटोग्राफर म्हणाला, माझ्या कॉम्प्युटरवर तर मक्खन चालते. सिरोंच्याचे माझे भाऊजी अर्धं तेलुगू आणि अर्धं मराठी बोलून म्हणाले की मोबाईलवर का नाही दाखवत? मोबाईलवर ते खरंच नीट चालत होतं. पण त्या पडद्यावर बाबा अंगठ्याएवढे. आईने मोबाईल डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, तिरपा केला आणि परत माझ्या हातात दिला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तर आवाज एकीकडे आणि तोंड एकीकडे.

मला खरं तर रडायला येत होतं, पण रागच सोयीचा पडत होता. डॉक्टरांनी काही तारीख दिली नव्हती, म्हणून प्रत्येक सुट्टीला आईकडे बघून मी अंदाज घ्यायचो. मागच्या वेळी तिला उंबरठा दिसला होता, या वेळी पाय अडखळला. आणि मी इकडे सेटिंगमध्ये जाऊन चित्राच्या वेगाचा आकडा पन्नासचा साठ आणि साठचा पन्नास करत बसलेलो. आई माझ्या मागे पाटावर बसून असायची. दर वेळी मी लावायचो, ती पुढे सरकायची, चित्र अडकायचं, मी वैतागून बंद करायचो. मग ती उठून चहा ठेवायची.

एका दुपारी मी हट्टाने सगळं नाटक पहिल्यापासून लावलं, नुसतं डबा कुठे कुठे दगा देतो ते बघायला. नायिका आली, चित्र सुरळीत. विनोदी जोडी आली, सुरळीत. गाणं झालं, साध्या पिवळ्या दिव्यात, सुरळीत. मग बाबांचा पाटील आला आणि अडकलं. पुढे मारामारीत पुन्हा धूर सोडला, तिथेही अडकलं, आणि त्यात बाबा नव्हतेच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या मंडळाला धुराचं भारी वेड. खलनायक आला की धूर पाहिजे, लाल-हिरवे दिवे गरागरा फिरले पाहिजेत, नाहीतर लोक म्हणतात मंडळाने खर्च केला नाही. साधं दृश्य असलं की कॅमेऱ्याला थोडंच नवीन लिहावं लागतं, मागची भिंत तीच, खांब तोच. पण धुरात आणि फिरत्या दिव्यात प्रत्येक ठिपका क्षणाक्षणाला बदलतो. फोटोग्राफरच्या त्या नव्या कॅमेऱ्याने तो सगळा धूर इमानदारीने लिहून घेतला होता, आणि तेवढं भराभर वाचताना माझ्या डब्याला दम लागत होता.

म्हणजे केबल बरी, पेनड्राइव्ह बरा, टीव्ही बरा. माझ्या बापाला थाटात आणण्यासाठी मंडळाने जो धूर सोडला, तोच आता त्यांना येऊ देत नव्हता. कोणावर ओरडायचं?

उपाय एकच होता. फाईल छोटी करायची, बारकावे कमी करून डब्याला पेलेल अशी. लॅपटॉप कामाला लावला. तो घुरघुरत बसला आणि अर्धं काम झालं तेव्हा लाईट गेली. लॅपटॉपच्या बॅटरीत केव्हाच जीव उरलेला नव्हता. पुन्हा सुरू केलं, पुन्हा गेली. आमच्या फीडरवर कुठेतरी झाड पडलं होतं म्हणे. आई म्हणाली, राहू दे, जेवून घे. मी तिच्यावर खेकसलो. शेवटी कारखान्याच्या क्वार्टरवर येऊन ते काम पूर्ण केलं, कारण तिथे वीज जात नाही.

पुढच्या सुट्टीला नवी फाईल घेऊन गेलो. या वेळी मी आईला हाताला धरून टीव्हीच्या अगदी समोर बसवलं. नाटक लावलं. बाबा डाव्या बाजूने आले, दिवा फिरला, धूर सुटला आणि चित्र चालतच राहिलं. बाबा तरातरा चालत उजवीकडे गेले, काठी आपटली, वळले, हसले, परत डावीकडे गेले. संवाद आणि ओठ एका जागी. इतक्या दिवसांनी मला असा काही आनंद झाला की मी मांडीवर थाप मारली आणि आईकडे पाहिलं. ती मान इकडून तिकडे फिरवत होती. एन्ट्री संपली, पुढचा प्रवेश लागला.

"गेले निंगून," ती म्हणाली.

मी विचारलं, कोण?

"तुहे बाबा. इकडून आले न तिकडे गेले. मले कुठी सापडलेच नाई."

मी म्हटलं, थांब, मी मागे नेऊन थांबवतो. मागे नेलं, रिमोटचं बटण दाबून चित्र थांबवलं. पण छोटं करण्याच्या नादात मी धुराबरोबर बाबांचा चेहराही पुसट करून ठेवला होता. चालताना ते लक्षात येत नव्हतं, थांबल्यावर मात्र त्यांच्या गालावर नुसते चौकोन. आईने मान हळूहळू फिरवून त्यांना शोधलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली की हे ते नाहीत.

मग म्हणाली, "पहिलेवालंच लाव. त्यात ते थांबतेत, मंग मले सापडतेत. पन ते थांबले का तू लगेच बंद करून देते."

माझं डोकं भणाणलं. केबल, डिस्क, अपडेट, खिडकीत टांगलेला मोबाईल, गेलेले सगळे सुट्टीचे दिवस, आणि हिला अडकणारंच हवं होतं. हे आधी सांगता येत नव्हतं का, असं मी विचारलंदेखील, जरा मोठ्यानेच. ती म्हणाली, तू एवढी मेहनत करून राह्यला होता, म्हणून नाही बोलली. मी तो पेनड्राइव्ह काढला आणि जुना लावला.

बाबा आले. धूर सुटला. चित्र अडकलं आणि मी रिमोटला हात लावला नाही. आवाज पुढे चालू होता, बाबा गावकऱ्यांना दम देत होते, पण ते तिला पाठच होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. पाट ओढत ती टीव्हीपाशी गेली आणि आपल्या त्या नळीएवढ्या नजरेने बाबांना पायापासून पाहायला लागली. जोडा पाहिला, धोतर पाहिलं, हातातली काठी पाहिली. चित्राने उडी मारली, पुन्हा अडकलं, तेव्हा ती चेहऱ्यापर्यंत पोचली होती. तिथे ती थांबली.

"फेटा वाकडा हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, मंडळाची पोरं घाईघाईत बांधतात, असंच होतं.

"मी तवा पाहुण्यायले वाढून राह्यली होती," आई म्हणाली. "नाई तं नीट करून देती."